शेजाराचा हक्क

नांदेडची वस्ती जसजशी पसरत आहे, तसतसें अर्धापूरही निव्वळ केळीचें गांव न राहतां शहराचें उपनगर होऊं लागलें आहे. सकाळीं नांदेडास कामावर जावें व सायंकाळीं अर्धापुरास परतावें, असा क्रम ठेवणारांची संख्या लहान नाहीं. बागाईत जमिनीवर प्लॉट पडतात. घर बांधणारास त्याचा आनंदच वाटावा. परंतु प्लॉट किंवा भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या इसमास भावाच्या आधीं जो प्रश्न ऐकावा लागतो, तो “आडनांव काय?” हा होय. आमच्या मतें या एका प्रश्नांत आमच्या समतेची सारी परीक्षा आहे.

डेन्मार्क देशाचें उदाहरण येथें विचार करण्याजोगें आहे. कोपनहेगन शहराची वाढ कशी व्हावी याची योजना तेथें १९४७ सालीं आंखली गेली. जुनें शहर म्हणजे तळहात, व आगगाडीच्या मार्गांलगतचीं उपनगरें म्हणजे पांच बोटें; बोटांच्या मधली जागा हिरवी राखावयाची, असा तो नकाशा होता. त्या देशांतील सुमारें एकपंचमांश घरें नफा न घेणाऱ्या गृहसंस्थांचीं आहेत. तेथें राहणारे लोक आपलें मंडळ स्वतः निवडतात व खर्चाचा अंदाज स्वतः मंजूर करतात. रिकाम्या होणाऱ्या घरांपैकीं चौथा हिस्सा गरजूंस देण्याचा अधिकार नगरसंस्थेस असतो. त्यामुळें ज्यास निवाऱ्याची निकड आहे, त्यास शेजाऱ्यांच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाहीं.

“तो धनिक देश, आमची त्याच्याशीं तुलना काय?” असें कोणी म्हणेल. परंतु १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कचा पराभव होऊन त्याचा मोठा मुलूख गेला होता. त्यानंतर, १८८२ सालीं, ह्येडिंग या खेड्यांतील शेतकऱ्यांनीं सहकारी दुग्धालय काढलें. अशा दुग्धालयांत नियम असा पडला कीं, मत माणसागणिक एक. गाई किती, हें मोजावयाचें नाहीं. समता ही तेथें संपत्तीनंतर आलेली चैन नव्हे. ती संपत्तीच्या आधींची शिस्त होती. १९१५ च्या राज्यघटनेनें स्त्रियांस व घरगड्यांसही मताधिकार मिळाला.

त्याच १९१५ सालीं मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. आमच्या देशांतील सहकारी घरबांधणीचा तो आरंभ मानला जातो. तिच्या चालकांचा उद्योग व सचोटी आदरास पात्र आहेत. तथापि सहकाराचा पाया तेथें ज्ञातीवर घातला गेला, आणि पुढें पुष्कळांनीं उद्योग सोडून पायाचेंच तेवढें अनुकरण केलें. खेड्यांतली गल्ली माडीवर चढली, इतकेंच.

कायद्याची स्थिति काय आहे? घटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव, रस्ते हीं सर्वांस खुलीं केलीं; खासगी घराचें नांव तेथें नाहीं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणें पात्र इसमास पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारतां येत नाहीं. परंतु गुजरातेंतील एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं निर्णय दिला कीं, सभासदत्व एका समाजापुरतें ठेवणारा उपविधि बेकायदा नाहीं. डिसेंबर १९२० पासून नव्हे, तर डिसेंबर २०२० मध्यें, म्हणजे स्वराज्यास ७३ वर्षें झाल्यावर, राज्य सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचें ठरविलें. पाटी बदलणें सोपें आहे. पाटीमागची वस्ती मिसळणें कठीण. १९७८ सालीं नामांतराच्या वादांत मराठवाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. वस्ती वेगळी असली म्हणजे ती हुडकून जाळणेंही सोपें जातें, हें आम्ही विसरूं नये.

डेन लोक निर्दोष आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. २०१८ सालीं त्यांनींही वस्त्यांची वर्गवारी करतांना रहिवाशांचें मूळ पाश्चात्य देशांबाहेरचें आहे काय, हें मोजणारे कायदे केले. त्यावर तेथेंच कडक टीका झाली. शेजाऱ्याचें कूळ विचारण्याचा मोह सुखी देशासही होतो, एवढाच याचा अर्थ.

तेव्हां अर्धापूरच्या व्यापाऱ्यांस व जमीनमालकांस आमची विनंति आहे. नवी गृहसंस्था काढतांना सभासदत्व सर्वांस खुलें असल्याचें उपविधींतच लिहा. प्लॉटाचा भाव फलकावर लावा, आणि जो तो भरील त्यास प्लॉट द्या. केळीचा घड तोलतांना तो कोणाच्या बागेंतला, हें आपला व्यापारी विचारीत नाहीं. वजन पाहतो व रोख मोजतो. जो न्याय घडास मिळतो, तो माणसास मिळावा, यांत जगावेगळें मागणें कोणतें?