चोरीस आळा घालणारी पट्टी आणि तिला निजविणारे यंत्र

मध्ययुगीन युरोपातील अनेक ग्रंथालयांत पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळ्यांना जखडून ठेवीत असत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये असे साखळबंद ग्रंथ आजही पाहावयास मिळतात. हस्तलिखित ग्रंथ त्या काळी दुर्मिळ व मोलाचा असल्यामुळे ही सावधगिरी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. तथापि साखळीने चोराबरोबर वाचकही अडत असे. पुढे मुद्रणकलेमुळे ग्रंथ सुलभ झाले व साखळ्या गळून पडल्या. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा की, ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. वाचकाने कपाटापर्यंत स्वतः जावे व हवे ते पुस्तक हाताळून पाहावे, ही पद्धत या आशयास धरूनच आहे. मोठ्या दुकानांतही गिऱ्हाईक आता आपल्या हातांनी फळीवरील वस्तू उचलते. अशा मोकळिकीत चोरीस आळा कसा घालावा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

या प्रश्नास विज्ञानाने दिलेले उत्तर म्हणजे वस्तूस चिकटविलेली एक लहानशी पट्टी व दाराशी उभे केलेले दोन खांब. जागी पट्टी खांबांमधून गेली की घंटा वाजते. पैसे चुकते झाल्यावर अथवा पुस्तकाची नोंद झाल्यावर काउंटरवरील यंत्राने ती पट्टी निजवावयाची असते. या योजनेतील खांबांकडे सर्वांचे लक्ष जाते. निजविणारे यंत्र मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. वास्तविक प्रामाणिक माणसाची अब्रू या दुसऱ्या यंत्रावरच अवलंबून असते. पट्टी नीट निजली नाही, तर पूर्ण पैसे दिलेल्या गृहस्थास चारचौघांत दाराशी अडविले जाते व त्याची पिशवी उघडली जाते. शिवाय घंटा वारंवार उगीच वाजू लागली म्हणजे नोकर तिकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि मग खरा चोरही सुखाने निघून जातो. म्हणून हे यंत्र कसे चालते व त्यात कोणत्या सुधारणा झाल्या, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पट्ट्यांचे तीन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्या प्रकारात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे वेटोळे व एक संधारित्र असते. ही जोडी सेकंदास सुमारे ८२ लक्ष आवर्तनांच्या लहरींना प्रतिसाद देते. काउंटरवरील यंत्र त्याच लहरी जोरात सोडते. त्यासरशी संधारित्रातील मुद्दाम पातळ ठेवलेला विलग थर फुटतो, दोन्ही पत्रे परस्परांस भिडतात आणि मंडल निकामी होते. पण येथे एक उणीव आहे. वस्तू दुमडली वा ताणली गेली की भिडलेले पत्रे कधीकधी पुन्हा विलग होतात व मेलेली पट्टी जिवंत होते. एका दुकानात रीतसर विकत घेतलेला सदरा अंगात घालून दुसऱ्या दुकानात शिरावे आणि तेथील घंटा वाजावी, असा प्रकार यामुळे घडू शकतो.

दुसरा प्रकार ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यास फार मनोरंजक वाटेल. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत विशिष्ट मिश्रधातूची सुमारे चार सेंटिमीटर लांबीची पातळ फीत सैल ठेवलेली असते व तिच्याजवळ दुसरी एक चुंबकित पट्टी असते. चुंबकीय क्षेत्र बदलले की ही फीत अत्यल्प प्रमाणात लांब व आखूड होते. दारातील खांब सेकंदास ५८ हजार आवर्तनांचे स्पंद थांबून थांबून सोडतो. तो थांबला तरी फीत क्षणभर कंपत राहते. टोल देऊन झाल्यावर देवळातील घंटा जशी घुमत राहते, तसेच हे आहे. त्या निःशब्द क्षणी खांब कान देऊन ऐकतो. फितीचा हा सूर शेजारच्या चुंबकावर अवलंबून असतो. चुंबकाचे चुंबकत्व नाहीसे केले की तंबोऱ्याची खुंटी फिरविल्याप्रमाणे सूर बदलतो, घुमणे क्षीण होते आणि खांबास काहीच ऐकू येत नाही.

तेव्हा या पट्टीस निजविणे म्हणजे चुंबकाचे चुंबकत्व काढून घेणे होय. हे कार्य एका झटक्याने साधत नाही. दिशा सतत पालटणारे जोरदार क्षेत्र प्रथम द्यावे लागते व ते हळूहळू क्षीण करीत शून्यावर आणावे लागते. आरंभीची अनेक यंत्रे क्षेत्र सारखेच ठेवीत. वस्तू यंत्रावरून दूर सरकविताना ते तिच्यापुरते क्षीण होई. म्हणजे सारा भरवसा नोकराच्या हातावर! त्याने वस्तू उंचावरून नेली अथवा घाईने ओढली, तर पट्टी अर्धवट निजे. अशी अर्धनिद्रित पट्टी एका दारी गप्प राहते आणि दुसऱ्या दारी ओरडते.

येथून सुधारणांस आरंभ झाला. पहिली सुधारणा अशी की, संधारित्रात साठविलेली वीज वेटोळ्यातून एकदम सोडावयाची. ती पुढेमागे हेलकावत आपोआप क्षीण होते, त्यामुळे क्षेत्राचा उतार यंत्रच सांभाळते. दुसरी सुधारणा दिशेविषयी. एकाच वेटोळ्याचे क्षेत्र एका ठिकाणी एकाच दिशेने बलवान असते. पट्टी आडवी पडली की ती निसटते. म्हणून परस्परांशी काटकोनात वेटोळी बसवून ती पाठोपाठ चालवितात. तिसरी सुधारणा यंत्रास ‘विचारावयास’ शिकविण्याची. यंत्र आधी हलका सूर सोडून जागी पट्टी जवळ आहे काय हे पाहते, असल्यासच वीज सोडते आणि नंतर पुन्हा एकदा चाचणी घेते. पट्टी अद्याप जागी असेल, तर नोकरास तेथल्या तेथे इशारा मिळतो. चूक दारापर्यंत न जाता काउंटरवरच सापडते, हा यातील मोठा लाभ. चौथी सुधारणा बारकोडाशी सांगड घालण्याची. बारकोड वाचला गेला तरच पट्टी निजते. त्यामुळे बिलात न घेतलेली वस्तू काउंटरवरून गुपचूप निजवून देण्यास वाव राहत नाही.

तिसरा प्रकार प्रामुख्याने ग्रंथालयांत दिसतो. अत्यंत मृदू चुंबकीय धातूची फीत पालटत्या क्षेत्रात ठेवली तर ती मूळ आवर्तनाच्या पटीतील नवे सूर उत्पन्न करते. या तत्त्वावर फ्रान्समध्ये पिकार यांनी १९३४ साली एकस्व घेतले होते. ग्रंथालयांत त्याचा प्रसार १९७० नंतर झाला. पुस्तकाच्या बांध्यात लपविलेल्या या बारीक फितीवर कठीण चुंबकीय धातूचे तुकडे असतात. येथील रीत मात्र वरच्या प्रकाराच्या नेमकी उलट आहे. तुकडे चुंबकित केले की फीत निजते. त्यांचे चुंबकत्व काढले की जागी होते. विकलेला सदरा दुकानात परत येत नाही, पण पुस्तक परत येते; म्हणून ग्रंथालयास निजविणे व जागविणे या दोन्ही क्रिया हव्यात. या यंत्राचे क्षेत्र जोरदार असल्याने ध्वनिफितींच्या कॅसेट त्यावर ठेवू नयेत, नाहीतर मुद्रित आवाज बिघडेल.

या पद्धतीत नोंद करणे व फीत निजविणे ही दोन निराळी कामे असतात, आणि घाईच्या वेळी एक विसरले जाते. नोंद झाली पण फीत जागी राहिली, तर निरपराध वाचक अडतो. फीत निजली पण नोंद राहिली, तर पुस्तक बेपत्ता होते. आता अनेक ग्रंथालयांत पुस्तकावर सूक्ष्म चिप असलेले लेबल लावतात. देवघेवीच्या टेबलावर पुस्तकाचा क्रमांक वाचून नोंद होते व त्याच वेळी चिपमधील पहाऱ्याची खूण बदलते. लिहिलेली खूण लगेच वाचून पडताळणे एवढी खबरदारी घेतली म्हणजे दोन्ही कामे एकाच क्रियेत पार पडतात.

या सर्व सुधारणांचा रोख एकच दिसतो. चोर पकडणे हे खांबाचे काम. सज्जनास निर्धास्त जाऊ देणे हे निजविणाऱ्या यंत्राचे काम, आणि हे दुसरे काम साधले नाही तर पहिलेही व्यर्थ जाते. विद्यार्थी मित्रहो, यंत्राची मर्यादाही ध्यानात ठेवा. संपूर्ण पुस्तक दाराबाहेर चालले तर पट्टी ओरडेल. परंतु कोणी ब्लेडने आतील चित्र वा धड्याचे पान कापून नेले, तर खांबास त्याची वार्ताही लागत नाही. ते पान मात्र नंतर येणाऱ्या प्रत्येक वाचकास उणे पडते. त्या पानाचा पहारा वाचकानेच केला पाहिजे.