पीएच.डी.च्या मध्यावरचा प्रगती आढावा : नियम काय सांगतात?

बस्सी (जयपूर) : पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा आणि अखेरची मौखिक परीक्षा यांची चर्चा सर्वत्र होते. मात्र या दोन टोकांमधील वर्षांत संशोधन योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे कोण तपासते, याची माहिती अनेक विद्यार्थ्यांना नोंदणीनंतरही नसते. जयपूर-आग्रा महामार्गावरील बस्सीसारख्या तालुक्याच्या गावातून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. याच राज्यातील तीन खासगी विद्यापीठांवर विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जानेवारी २०२५ मध्ये कारवाई केली. चुरू येथील ओपीजेएस, अलवर येथील सनराईज आणि झुंझुनू येथील सिंघानिया या विद्यापीठांनी पीएच.डी.विषयक विनियमांचे पालन केले नसल्याचे आयोगाच्या स्थायी समितीला आढळले. त्यामुळे २०२५-२६ ते २०२९-३० या पाच शैक्षणिक वर्षांसाठी त्यांना पीएच.डी. प्रवेश देण्यास मनाई करण्यात आली.

सध्या देशभर लागू असलेले विनियम आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केले. त्यानुसार अभ्यासक्रमासह पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल कालावधी सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढे दोन वर्षांची अतिरिक्त सवलत आहे. मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही.

या कालावधीत देखरेखीची जबाबदारी संशोधन सल्लागार समितीवर असते. प्रत्येक संशोधकासाठी ही समिती असते आणि मार्गदर्शक तिचे निमंत्रक असतात. संशोधन आराखड्याचे परीक्षण करणे, विषय निश्चित करणे आणि संशोधन पद्धतीबाबत मार्गदर्शन करणे ही समितीची सुरुवातीची कामे होत. त्यानंतर प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने समितीपुढे सादरीकरण करून प्रगतीचा संक्षिप्त अहवाल देणे बंधनकारक आहे. २०१६ च्या विनियमांतही दर सहा महिन्यांनी अशा सादरीकरणाची तरतूद होती.

समितीच्या शिफारशी प्रगती अहवालासह संस्थेकडे जातात आणि त्यांची प्रत विद्यार्थ्यालाही द्यावी लागते. प्रगती असमाधानकारक असल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. हे उपाय अमलात आणण्यात विद्यार्थी अपयशी ठरल्यासच सकारण नोंदणी रद्द करण्याची शिफारस समिती करू शकते. म्हणजेच लेखी कारणे न देता आणि सुधारणेचा मार्ग न दाखवता नोंदणी रद्द करण्याची मुभा विनियमांत नाही.

अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यांसाठी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस होणारे मूल्यमापन अधिक निर्णायक ठरते. यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) पहिली दोन वर्षे दिली जाते. त्यानंतर विभागप्रमुख, मार्गदर्शक आणि बाहेरील एक विषयतज्ज्ञ अशा तिघांची समिती कामाचे मूल्यमापन करते. काम समाधानकारक असल्यास विद्यार्थी वरिष्ठ अधिछात्रवृत्तीस (एसआरएफ) पात्र ठरतो. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार मासिक रक्कम ३७ हजार रुपयांवरून ४२ हजार रुपये होते. काम समाधानकारक नसल्यास सुधारणेसाठी एक वर्ष दिले जाते. त्या काळात कनिष्ठ दरच लागू राहतो. तिसऱ्या वर्षानंतरही सुधारणा न दिसल्यास अधिछात्रवृत्ती बंद होऊ शकते.

येथे एक साधा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. दोन्ही टप्पे मिळून अधिछात्रवृत्तीचा कालावधी पाच वर्षांचा, तर नोंदणीची मुदत सहा वर्षांची आहे. मध्यावर काम रेंगाळले, तर प्रबंधलेखनाचे अखेरचे वर्ष आर्थिक आधाराविना काढावे लागते. ग्रामीण आणि अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांसाठी संशोधन सोडण्याचा धोका इथेच उद्भवतो. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वेळच्या वेळी प्रगती अहवाल सादर करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

उपयुक्त प्रगती अहवालात केवळ वाचलेल्या ग्रंथांची यादी नसावी. मंजूर आराखड्यातील कोणते उद्दिष्ट पूर्ण झाले, किती माहिती संकलित झाली, कोणती प्रकरणे लिहून झाली, आराखड्यात कोणता बदल आवश्यक वाटतो आणि उर्वरित कामाचे वेळापत्रक काय, या पाच बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. प्रयोगशाळेतील उपकरण उपलब्ध न होणे किंवा क्षेत्रभेटीची परवानगी लांबणे, अशा अडचणी त्याच वेळी लेखी नोंदवल्यास पुढे विलंबाचे कारण देताना आधार मिळतो.

समितीची जबाबदारीही तितकीच आहे. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधकांचेच मार्गदर्शन करता येते. प्रत्येकाच्या कामाकडे पुरेसे लक्ष देता यावे, हा या मर्यादेचा हेतू आहे. संशोधनाची चुकलेली दिशा तिसऱ्या वर्षी बदलता येते. प्रबंध बाह्य परीक्षकांकडे गेल्यावर तीच चूक विद्यार्थ्याला कित्येक महिने मागे नेते.

प्रवेश घेतानाच संस्थेत सल्लागार समिती नियमित बसते का आणि शिफारशींची प्रत विद्यार्थ्यांना मिळते का, याची विचारणा करणे हिताचे आहे. राजस्थानातील त्या तीन विद्यापीठांबाबतच्या सूचनेत आयोगाने विद्यार्थी व पालकांना तेथे पीएच.डी.साठी प्रवेश न घेण्याचा सल्ला दिला असून, तशी पदवी उच्च शिक्षण व रोजगारासाठी ग्राह्य धरली जाणार नसल्याचे स्पष्ट केले आहे.