अंगठा कुणी द्यायचा?

नंदुरबारहून शहाद्याकडे निघालेली एसटी प्रकाशाजवळ तापीचा पूल ओलांडते. गोमाई इथे तापीला मिळते. दक्षिण काशी म्हणून लोक या गावाला मानतात, केदारेश्वराच्या दर्शनाला येतात, घाटावर अस्थिविसर्जन करतात. अंकलेश्वरकडून तळोद्यावरून येणारा रस्ताही प्रकाशावरूनच शहाद्याला जातो, त्यामुळे सातपुड्यातून खाली उतरणारा माणूस कधी ना कधी या फाट्यावर येतोच. बँकेच्या कामाला, दवाखान्याला किंवा उसाच्या तोडीला गुजरातेत निघालेला, कुणीही असो, त्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले आधार कार्ड असते. ते घरी राहिले तर फेरी वाया जाते.

देशातला पहिला आधार क्रमांक याच शहादा तालुक्यात दिला गेला. 29 सप्टेंबर 2010 रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभली या आदिवासी गावात आले आणि तिथल्या रहिवाशांना पहिले क्रमांक दिले. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण त्याआधी वीस महिने, जानेवारी 2009 मध्ये स्थापन झाले होते आणि नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष होते. गरिबासाठी दिल्लीहून निघालेला पैसा मधल्या हातांत जिरतो, ही सरकारची अडचण होती. रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात, हे राजीव गांधींनी 1985 मध्येच सांगून टाकले होते. खोटी रेशनकार्डे, रोजगार हमीच्या हजेरीपटावरची मेलेली माणसे, एकाच नावावर दोनदा उचललेले निवृत्तिवेतन, या सगळ्यावर उतारा म्हणून हे यंत्र आले. त्यामुळे आधारची कहाणी ही भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढाईचीच कहाणी आहे आणि ती तशीच तपासली पाहिजे.

यंत्र म्हणून त्याची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. बारा अंकांपैकी पहिले अकरा यादृच्छिक असतात. त्यांवरून जात, धर्म, गाव, वय यांतले काहीही ओळखता येत नाही. बारावा अंक पडताळणीचा. जेकबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो काढतात. आधीच्या अकरांतला एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर बारावा जुळत नाही. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात आणि ते आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहतात, म्हणजे एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत. रेशन दुकानात मात्र काम सोपे असते. दुकानदाराच्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला की ठसा सांकेतिक रूपात मध्यवर्ती भांडाराकडे जातो आणि हा ठसा या क्रमांकाचा आहे की नाही, एवढेच उत्तर परत येते.

म्हणजे समोरचा माणूस कोण, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे यंत्र बांधलेले आहे.

रेशनमधली चोरी दोन प्रकारची असते. खोट्या नावाने धान्य उचलणे हा पहिला प्रकार, आणि त्याला आधारने खीळ घातली, हे मान्य करायला हवे. दुसरा प्रकार मापात मारण्याचा. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी पाच किलो धान्य ठरवले आहे, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. दुकानदाराने अंगठा पूर्ण धान्याचा घेतला आणि पदरात कमी टाकले, तर यंत्राच्या दृष्टीने व्यवहार चोख झालेला असतो. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा हे अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत. घेणारा खरा आहे की खोटा, हे आधार सांगते. देणारा खरा आहे का, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

लाडकी बहीण योजनेतही हीच मर्यादा दिसली. 2024 च्या जुलैपासून महिन्याला 1500 रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जाऊ लागले, आणि तरीही पुढच्या वर्षी या योजनेचे पैसे पुरुषांच्या नावावरही गेल्याचे समोर आले. माणूस कोण आहे हे कळल्याने तो पात्र आहे का, हे कळत नाही. ते तपासायला माणूस लागतो, आणि त्याने तपासले की नाही हे विचारणारा आणखी कुणी लागतो.

आता संसदेकडे वळू, कारण हे विचारणारे कोण असावे, याचा वाद तिथेच झाला.

टेंभलीत क्रमांक वाटले गेले तेव्हा त्यामागे कोणताही कायदा नव्हता. सरकारी आदेशावर काम सुरू झाले होते. डिसेंबर 2010 मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले आणि ते संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीकडे गेले. यशवंत सिन्हा तिचे अध्यक्ष होते. डिसेंबर 2011 च्या अहवालात समितीने ते विधेयक त्या रूपात नाकारले. प्रकल्पाचा हेतू स्पष्ट नाही आणि कायदा होण्याआधीच काम पुढे रेटले जात आहे, हे तिचे मुख्य आक्षेप होते. नोंदणी तरीही थांबली नाही. कायदा झाला तो थेट मार्च 2016 मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात क्रमांकांची संख्या शंभर कोटींवर गेली. जवळजवळ सगळा देश नोंदला गेल्यावर लोकप्रतिनिधींना त्यावर मत द्यायचे होते.

तेही पुरते देता आले नाही. अरुण जेटलींनी ते धन विधेयक म्हणून लोकसभेत मांडले. घटनेच्या अनुच्छेद 109 आणि 110 प्रमाणे धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते. त्या स्वीकारायच्या की टाकायच्या, हे लोकसभा ठरवते. 11 मार्चला लोकसभेने विधेयक मंजूर केले. 16 मार्चला राज्यसभेने जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्यांसह ते परत पाठवले, आणि त्याच दिवशी लोकसभेने पाचही फेटाळल्या.

त्या दुरुस्त्या आज पुन्हा वाचल्या की वाईट वाटते, इतक्या त्या साध्या होत्या. ज्याला हा क्रमांक नको, त्याला बाहेर पडता यावे. आधार नसलेल्याला दुसऱ्या ओळखपत्रावर लाभ मिळावा. खाजगी कंपन्यांच्या वापराची वाट बंद करावी. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती उघड करायची असेल तर त्याचे निकष अरुंद असावेत आणि त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत कॅग किंवा केंद्रीय दक्षता आयुक्त असावा. लोकांची ओळख ठेवणाऱ्या यंत्रणेवर नजर ठेवायला भ्रष्टाचार शोधणाऱ्या संस्थेचा माणूस बसवा, एवढेच वरिष्ठ सभागृह म्हणत होते.

26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरवला, पण राष्ट्रीय सुरक्षेचे ते कलम आणि खाजगी वापराची वाट रद्द केली. आधारच्या गैरवापराची तक्रार फक्त प्राधिकरणच करू शकेल, अशीही एक तरतूद होती. ती गेली आणि 2019 च्या दुरुस्तीने ज्याचा आधार त्याला तक्रारीचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने लहानपणी नोंदवलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर क्रमांक रद्द करण्याची मुभाही दिली. राज्यसभेने मागितलेल्या पाचांपैकी काही गोष्टी अशा अडीच-तीन वर्षांनी, न्यायालयाच्या दारातून आत आल्या. कॅगने प्राधिकरणाच्या कामाचे लेखापरीक्षण केले आणि त्याचा अहवाल 2022 च्या एप्रिलमध्ये संसदेत आला. एकाच माणसाला पुन्हा दिले गेलेले पावणेपाच लाखांहून अधिक क्रमांक नोव्हेंबर 2019 पर्यंत रद्द करावे लागल्याचे त्यात नोंदले होते. अशी नजर आधीपासून असती तर काय काय वेळेत सापडले असते, हा विचार मनातून जात नाही.

न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने वेगळे मत दिले. हे धन विधेयक नव्हतेच आणि ते तसे मंजूर करणे ही घटनेशी केलेली फसवणूक आहे, असे त्यांनी लिहिले. मला हे मत बहुमतापेक्षा अधिक पटते. भ्रष्टाचार थांबवायचा म्हणून आणलेला कायदा करताना प्रश्न विचारणारे सभागृहच बाजूला ठेवले, तर त्या कायद्याच्या पायातच ढिलाई राहते.

त्याच काळात संसद आणखी एका यंत्रावर चर्चा करत होती. ते वरच्यांसाठी होते. लोकपाल विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आले 1968 मध्ये. लोकसभेने ते 1969 मध्ये मंजूरही केले, पण सभागृह विसर्जित झाले आणि ते बुडाले. पुढे ते पुन्हा पुन्हा आले आणि पुन्हा पुन्हा गेले. महाराष्ट्राने मात्र 1971 चा कायदा करून 1972 मध्ये लोकायुक्त नेमला. असा लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारे देशातले हे पहिले राज्य. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर डिसेंबर 2011 मध्ये लोकपालावर लोकसभेत मतदान झाले, आणि 29 डिसेंबरला राज्यसभेची बैठक मतदान न होताच मध्यरात्री संपली. कायदा डिसेंबर 2013 मध्ये मंजूर झाला आणि पहिला लोकपाल मार्च 2019 मध्ये नेमला गेला.

म्हणजे गरिबाचा अंगठा घेणारे यंत्र कायद्याची वाट न पाहता सुरू झाले, आणि सत्तेवरच्याला जाब विचारणाऱ्याला पहिल्या विधेयकापासून खुर्चीपर्यंत पन्नास वर्षे लागली. लोकपालाकडे जाणाऱ्याने ओळख आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि तक्रार खोटी ठरली तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 17अ घातले गेले. सरकारी अधिकाऱ्याने पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी करण्याआधी त्याने वरची परवानगी बंधनकारक केली. रेशनच्या रांगेतल्या बाईचा अंगठा मागायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. दर महिन्याला तिनेच सिद्ध करायचे की ती तीच आहे.

आणि तो अंगठा उमटला नाही तर? ऊस तोडून, माती उपसून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट होतात. म्हातारपणी त्या जातातच. सातपुड्याच्या पाड्यांवर रेंज नसते. मोबाइलवर ओटीपी मागवायचा तर क्रमांक जुना झालेला असतो. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, असे प्राधिकरणाचे ऑक्टोबर 2017 चे परिपत्रक आहे. ते निघण्याच्या काही आठवडे आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरचे रेशनकार्ड आधारशी जोडले नाही म्हणून रद्द झाले होते. मृत्यूचे कारण मलेरिया, असे सरकारने सांगितले, घरच्यांनी भूक सांगितली. मी घरच्यांचे ऐकतो.

शहादा तालुक्याला अंगठ्याचा इतिहास जुना आहे. आदिवासींच्या जमिनी सावकाराच्या आणि बड्या शेतकऱ्यांच्या नावावर गेल्या, त्या कागदांवरही अंगठेच होते. अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांना संघटित केले, 30 जानेवारी 1972 ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. लोकांनी गावोगाव कागद काढायला लावले, कोणती जमीन कुणाकडून कशी गेली हे तलाठ्यासमोर बसून विचारले आणि कितीतरी जमिनी परत घेतल्या. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा 1974 चा राज्याचा कायदा याच वातावरणात आला. देणाऱ्याचे दप्तर उघडायचे, हे या मातीत आधी घडून गेले आहे. तेही आधारच्या चाळीस वर्षे आधी.

म्हणून मला हे यंत्र मोडावे असे वाटत नाही, त्याचे तोंड फिरवावे असे वाटते. पॉस मशीनने एक मोठी गोष्ट नकळत करून ठेवली आहे. प्रत्येक अंगठ्याची नोंद होते आणि महाराष्ट्रात रेशनकार्डाचा क्रमांक टाकून ती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. कोणत्या महिन्यात आपल्या नावावर किती गहू, किती तांदूळ निघाला, हे गावातला दहावी शिकलेला मुलगा मोबाइलवर वाचून दाखवू शकतो. अन्न सुरक्षा कायद्यात दुकानापर्यंतच्या दक्षता समित्या आहेत, सामाजिक अंकेक्षण आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. या नोंदी ग्रामसभेत मोठ्याने वाचल्या, तर कागदावरचे धान्य आणि पदरातले धान्य यांतला फरक तिथल्या तिथे कळेल. प्रकाशासारख्या फाट्यावरच्या गावात तर आसपासच्या पाड्यांवरची माणसे बाजाराला येतातच. त्यांच्या नोंदीही तिथे काढून देता येतील.

केंद्र सरकारने जून 2021 मध्ये अन्न सुरक्षेच्या नियमांत बदल करून पॉस मशीनला इलेक्ट्रॉनिक काटा जोडण्याला प्रोत्साहन दिले. काटा जोडलेला असला की जितके वजन पारड्यात पडले, तितकेच यंत्र नोंदवते आणि दुकानदाराला अंगठा पूर्ण धान्याचा घेऊन कमी देता येत नाही. आपल्या तालुक्यातल्या किती दुकानांत असा काटा जोडला गेला आणि त्यातले किती चालू आहेत, हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात आमदारांनी तारांकित म्हणून लावावा आणि त्याचे लेखी उत्तर दुकानाच्या दारावर चिकटवावे.