दृश्यशीर्षक
चित्रपटाच्या पटकथेत प्रत्येक दृश्याच्या आरंभी लिहावयाची, स्थळ व वेळ सांगणारी ओळ. उदा., ‘बाह्य – मोहोळ स्थानक, फलाट – रात्र’. चित्रीकरणाचे वेळापत्रक या ओळींवरूनच आखतात, त्यामुळे ‘रात्र’ हा एक शब्दही खर्चिक ठरतो. बाबूराव पेंटर यांनी सिंहगड (१९२३) या मूकपटात रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला होता.

पाठलाग, मारामारी इ. साहसदृश्यांत शीर्षकलेखन अवघड होते. पळणारा मनुष्य फलाटावरून डब्यात व तेथून टपावर गेला, की स्थळ दोनदा पालटते. दर वेळी पूर्ण शीर्षक दिल्यास वाचनाची गती खुंटते. मुळीच न दिल्यास कॅमेरा कोठे ठेवावयाचा, हे छायालेखकास उमगत नाही. म्हणून प्रारंभी एक पूर्ण शीर्षक देऊन पुढे ‘डब्यात’, ‘टपावर’ अशी त्रोटक उपशीर्षके योजतात. गाडी मोहोळ सोडून पुढे गेली किंवा पहाट झाली, तर मात्र नवे पूर्ण शीर्षक आवश्यक असते. ‘झटापट सुरू होते’ यासारखी कृती शीर्षकात घालणे सदोषच. तिची जागा खालील वर्णनात.

शीर्षकातील स्थळ कथेतील असते, चित्रीकरणाचे नव्हे. शोले (१९७५) मधील रामगढ कर्नाटकातील रामनगर येथे उभारले होते, तर आगगाडीवरील हल्ला पनवेल परिसरातील लोहमार्गावर चित्रित झाला.