सायलेन्सर बदलण्याआधी कानाला विचारा

वाघोलीत पहिली स्पोर्ट्स बाइक घेतलेल्या तरुणाचा गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न बहुधा सायलेन्सरचाच असतो. १७५ सीसीवरील मोटारसायकलला आवाजाची कमाल मर्यादा ८० डेसिबल आहे. मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळी बसवली की ती सहज ओलांडली जाते. नगर रस्त्यावरच्या लोकांना तो आवाज क्षणभर ऐकू येतो. चालवणाऱ्याच्या कानावर मात्र तो प्रवासभर आदळतो.

आतल्या कानातील नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. रात्री शांततेत कानात शिट्टी वाजणे ही धोक्याची खूण. ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

मग पैसे खर्च करायचे कशावर? नीट बसणारे आयएसआय हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. आरसे काढू नयेत. लांबच्या प्रवासात वाऱ्याचा आवाजही कमी नसतो. त्यासाठी वीस-तीस रुपयांचे फोमचे इअरप्लग पुरतात.