कुंडीतील मिरची : पहिली फुले केव्हा खुडावीत?

प्रतिनिधी

कुंडीतील मिरचीवर पहिले पांढरे फूल दिसले, की घरातील सर्वांनाच आनंद होतो. मात्र रोप जेमतेम वीतभर असेल, तर ते फूल राखण्याचा मोह पुढील तोड्यांना मारक ठरू शकतो.

मिरचीचे मुख्य खोड काही उंचीपर्यंत सरळ वाढते आणि मग दुभंगते. पहिले फूल याच बेचक्यात येते. पुढे प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगत जाते व नव्या बेचक्यांत कळ्या धरतात. म्हणजेच फांद्या जितक्या अधिक, तितकी मिरची अधिक. लहान रोपावर फळ पोसू लागले, की पानांनी तयार केलेले अन्न तिकडे वळते आणि मुळांची व फांद्यांची वाढ मंदावते. लहान कुंडीत मुळे कोंडलेल्या रोपांबाबत हे विशेषत्वाने आढळते. अशा वेळी फूल खुडून रोप मोठ्या कुंडीत हलवावे.

पुनर्लागवडीनंतर साधारण तीन-चार आठवडे येणारी फुले देठासह अलगद खुडावीत. शेजारचा कोवळा शेंडा दुखावू नये. रोप फूटभर उंच झाले आणि फांद्या दोन-तीन वेळा दुभंगल्या, की खुडणे थांबवावे. त्यानंतरही फुले काढत राहिल्यास हंगामच हातचा जातो.

ही मुदत हवामानावरही अवलंबून असते. आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे सह्याद्रीच्या माथ्यावरील गाव. अशा ठिकाणी पावसाळ्यात संततधार असते आणि ऊन दुर्मीळ. मिरचीत प्रामुख्याने स्वपरागीभवन होते. पण पराग भिजला, की फळ न धरता फूल गळते. त्यामुळे जूनमध्ये लावलेल्या रोपाची भर पावसातील फुले खुडली, तरी फारसे नुकसान नाही. रोप पडवीच्या आडोशाला ठेवावे, कुंडीतील पाण्याचा निचरा पाहावा आणि पाऊस ओसरताच फुले राखावीत. हिवाळ्यात रात्रीचा पारा १५ अंशांखाली उतरू लागला, की फळधारणा मंदावते.

शहरातील बाल्कनीत अडचण वेगळी असते. पारा ३५ अंशांपुढे गेल्यास फुले आपोआप गळतात; तेव्हा दुपारची सावली आणि नियमित पाणी द्यावे. वारा पोहोचत नसेल, तर सकाळी फांद्या हलकेच हलवाव्यात. फळे धरल्यावर हिरव्या मिरच्या वेळच्या वेळी तोडाव्यात. त्या झाडावरच लाल होऊ दिल्यास नव्या फुलोऱ्याचा वेग कमी होतो.