लेखांक सातवा : नभोवाणीचे दप्तर

गेल्या लेखांकात आपण डॉइच ग्रामोफोन कंपनीने 1947 साली उघडलेल्या 'आर्किव्ह' शाखेची हकीकत पाहिली, आणि युरोपातील मध्ययुगीन, प्रबोधनकालीन व बरोक संगीत, ज्यास तिकडे 'अर्ली म्युझिक' म्हणतात, ते तबकड्यांच्या द्वारे सामान्य रसिकाच्या घरात कसे शिरले याचा विचार केला. परंतु तबकडी ही अखेर विकाऊ वस्तू. आणि ज्या मालाला उठाव नाही तो वारंवार बाजारात आणण्याची हौस कोणत्याही व्यापाऱ्यास परवडत नाही. ज्या संगीतास सभागृहात श्रोता नव्हता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हते, त्यास पहिला खराखुरा आश्रयदाता लाभला तो नभोवाणीच्या रूपाने. आणि नवल असे की, ज्या आश्रयदात्याने या संगीतास पुनर्जन्म दिला, त्यानेच त्याचे ध्वनी जतन करण्याच्या कामी इतकी हयगय केली, की आज त्या जुन्या कार्यक्रमांचा मागोवा घेऊ पाहणाऱ्यास आधी कान मिटून कागदच वाचावे लागतात.

29 सप्टेंबर 1946 रोजी बीबीसीने 'थर्ड प्रोग्राम' ही केवळ सायंकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत चालणारी स्वतंत्र सेवा सुरू केली. युद्ध संपून जेमतेम वर्ष लोटलेले, अन्नधान्यावर शिधावाटपाचा अंमल कायम, आणि अशा काळात एका सार्वजनिक संस्थेने बहुसंख्यांच्या आवडीनिवडीचा मुलाहिजा न ठेवता केवळ विद्या आणि कला यांच्यासाठी रोजचे सहा तास राखून ठेवावेत, ही गोष्ट मला त्या संस्थेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत धाडसाची वाटते. त्या पहिल्याच रात्री आल्फ्रेड डेलर हा गायक पर्सेलच्या, 1694 साली राणी मेरीच्या वाढदिवसासाठी रचलेल्या स्तुतिकाव्यात गायला. डेलर हा कँटरबरीच्या कॅथीड्रलमधील गायकवृंदात नोकरीस असलेला मनुष्य; संगीतकार मायकेल टिपेट याने त्याचे गुण हेरले. त्याचा आवाज होता 'काउंटरटेनर', म्हणजे प्रौढ पुरुषाने फॉल्सेटोच्या आधाराने स्त्रीकंठाच्या उंचीवर लावलेला. बालगंधर्वांच्या स्मृतीत वाढलेल्या मराठी श्रोत्यास येथे साधर्म्य भासण्याचा संभव आहे, परंतु ते फसवे आहे. डेलर कोणत्याही स्त्रीची भूमिका करीत नव्हता. इंग्लंडच्या कॅथीड्रलांमधून हा पुरुषस्वर पिढ्यान्‌पिढ्या टिकून होता, मात्र वृंदातून बाहेर येऊन त्या आवाजात एकट्याने मैफल गाजविणारा कोणी उरला नव्हता. आणि ज्यांनी कधी कॅथीड्रलची पायरी चढली नव्हती अशा श्रोत्यांपर्यंत तो स्वर नभोवाणीने नेऊन पोहोचविला.

त्यानंतरची पाव शतकाची वाटचाल विस्ताराने सांगण्याचे हे स्थळ नव्हे. डेनिस स्टीव्हन्स, बेसिल लॅम यांच्यासारखे विद्वान बीबीसीत निर्माते म्हणून दाखल झाले आणि ज्या रचना हस्तलिखितांतून बाहेर पडल्याच नव्हत्या त्या त्यांनी वादकांपुढे ठेवल्या. जर्मनीत कलोनच्या नभोवाणी केंद्राने तर 1954 साली जुन्या घडणीची वाद्ये वाजविणारा 'कापेला कोलोनिएन्सिस' हा स्वतःचाच वाद्यवृंद उभा केला. म्हणजे पूर्वी जे काम संस्थानिकाच्या दरबाराने केले असते ते आता सरकारी सनदेवर चालणारे एक खाते करू लागले. आणि 1971 ते 1976 या काळात डेव्हिड मन्रो या तरुण वादकाने 'पाइड पायपर' या नावाने बालश्रोत्यांसाठी म्हणून योजलेले, पण आईबापांनीच अधिक आवडीने ऐकलेले, तब्बल 655 कार्यक्रम सादर केले. क्रमहॉर्न, शॉम, रेकॉर्डर अशी नावेही ज्यांच्या कानांवरून गेली नव्हती, त्यांस ती वाद्ये त्याने ओळखीची करून दिली. वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी त्याचा अंत झाला. पुढल्याच वर्षी व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर त्याच्या वृंदाने वाजविलेली अँथनी हॉलबोर्नची एक नृत्यरचना आहे, म्हणजे त्याचे वादन सूर्यमालेच्या सीमेपलीकडे निघून गेले.

पृथ्वीवरील दप्तराची अवस्था मात्र तितकी चोख नाही. प्रारंभीच्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत आणि ध्वनिमुद्रणासाठी तबकडी कापणे हे खर्चाचे काम असे; पुढे चुंबकीय फीत आली, पण ती महाग आणि पुन्हा वापरण्याजोगी, त्यामुळे एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा उतरविणे हीच काटकसर ठरली. त्यात वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांनी पुनःप्रसारणावर मर्यादा घातलेल्या. तेव्हा जे पुन्हा ऐकविता येत नाही त्याने कपाटातील जागा का अडवावी, हा कारकुनी विचार सहज बळावला. मला या प्रकारात एक विलक्षण काव्यगत न्याय दिसतो. तेराव्या शतकातील गायकाचा कंठ हरपला आणि चर्मपत्रावरील स्वरलिपी उरली, म्हणून तर या संगीताचे पुनरुज्जीवन करावे लागले; आणि त्या पुनरुज्जीवनाचा पहिला अध्यायही तसाच, ध्वनी नष्ट होऊन लेख उरलेला, आपल्या हाती यावा!

तो लेख कोठे आहे? बीबीसीच्या 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाचा पहिला अंक 28 सप्टेंबर 1923 रोजी निघाला, आणि तेव्हापासून 2009 पर्यंतच्या अंकांतील कार्यक्रमपत्रिका यंत्राने वाचून घेऊन 'जीनोम' या नावाने 2014 साली इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. हल्ली हेच दप्तर 'बीबीसी प्रोग्राम इंडेक्स' या नावाने चालते. त्याचा उपयोग करणाऱ्याने दोन बाबी ध्यानी धराव्यात. एक अशी की, यंत्राने वाचलेल्या मजकुरात, विशेषतः परकीय विशेषनामांत, अक्षरांची अदलाबदल झालेली आढळते. म्हणून 'अर्ली म्युझिक' अशा सर्वसाधारण पाटीखाली शोधण्यापेक्षा रचनाकार, गायक, वाद्य यांची नावे आलटून पालटून घालावीत, म्हणजे एका नावाने निसटलेली नोंद दुसऱ्याने सापडते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. ही पत्रिका आगाऊ छापलेली असल्याने ती काय व्हायचे ठरले होते याचा दाखला आहे, काय झाले याचा नव्हे. ऐनवेळी गायक आजारी पडला किंवा राजकुटुंबात कोणी निवर्तले, तर छापील ओळ आहे तशीच राहते. तरीही तारीख, वेळ आणि कलावंत एवढा तपशील हाती आला की पुढची वाट सुकर होते, कारण ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहासारख्या ठिकाणी चौकशी करावयाची ती याच तपशिलाच्या आधारे. या संग्रहाचे मूळ पॅट्रिक सॉल यांच्या खटपटीतून 1955 साली उघडलेल्या एका स्वतंत्र संस्थेत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या ग्रंथालयाच्या संगणकांवर हल्ला होऊन त्याच्या सूच्या दीर्घकाळ बंद पडल्या, यावरून नव्या दप्तरखान्यांनाही वाळवी निराळ्या जातीची असते, एवढे कळले.

आता चालू काळातील कार्यक्रमांकडे वळू. बीबीसीच्या तिसऱ्या केंद्रावरील 'अर्ली म्युझिक शो' प्रसारणानंतर साधारणतः 30 दिवस ऐकता येतो आणि मग ध्वनी काढून घेतला जातो. पण त्या भागाचे पान तसेच राहते, आणि वाजविलेल्या रचनांची क्रमवार यादीही त्यावर पुष्कळदा राहते. मुदत टळली म्हणून हळहळणाऱ्याने ही यादी उतरवून घ्यावी. निवेदकाचे भाष्य गेले तरी मूळ तबकड्या अन्यत्र मिळतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट वेगळी. त्याची तबकडी सहसा निघत नाही, परंतु युरोपीय ध्वनिक्षेपण संघाच्या सभासद संस्था आपापसांत मैफलींची देवघेव करीत असल्याने उट्रेख्टच्या किंवा हेर्नेच्या महोत्सवातील जी मैफल एका देशात हुकली ती काही आठवड्यांनी दुसऱ्या देशाच्या केंद्रावर सापडण्याचा संभव असतो, आणि मुरलेले श्रोते याच आडवाटेने जातात. जर्मनीत मुदतीचा प्रश्न कायद्यातच शिरला: 2009 साली अमलात आलेल्या करारान्वये सार्वजनिक नभोवाणीस आपले कार्यक्रम इंटरनेटवर किती काळ ठेवता येतील यावर बंधने आली. वृत्तपत्रांच्या मालकांची, फुकटच्या स्पर्धेने आपला धंदा बसतो, ही तक्रार त्यामागे होती. लोकांच्या वर्गणीतून झालेले काम लोकांपासूनच दूर करावयाचे, हा न्याय मला तरी उमगलेला नाही. भारतातून ऐकणाऱ्यास आणखी एक अडसर म्हणजे 'बीबीसी साउंड्स' ही सेवा 2025 सालापासून ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झाली आहे.

अशा वेळी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील केंद्राचा आधार मोठा वाटतो. तेथून 1991 पासून 'हार्मोनिया' हा अर्ली म्युझिकचा कार्यक्रम दर आठवड्यास निघतो, अँजेला मारियानी यांनी तो नावारूपास आणला, आणि मागील भाग निवेदनासह व रचनांच्या यादीसह वाचावयास व ऐकावयास मोकळे ठेवण्याची त्यांची रीत आहे. त्याच विद्यापीठात 1957 पासून वॉल्टर काउफमन हे संगीतशास्त्र शिकवीत. हे गृहस्थ 1934 साली मुंबईत आले, तेथे त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली, मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, आणि आपल्या घराघरांत पहाटे वाजणारी आकाशवाणीची परिचयधून सर्वसाधारणपणे त्यांच्याच नावावर जमा आहे. त्यांच्या मुंबईतील वास्तव्याची आणि तेथील केंद्रावरून झालेल्या पाश्चात्त्य संगीताच्या प्रसारणाची हकीकत पुढील लेखांकात घेऊ.